आवक

काल संध्याकाळी आईने विचारलं नाही.

मी आत आलो, चपला काढल्या, पिशवी खुर्चीवर टाकली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी नेहमीसारखा थबकलो. ती मटार सोलत बसली होती. रोज या वेळी ती हातातलं काम न थांबवता मान वर करते आणि विचारते, "काही आलं?" मी म्हणतो, "नाही." ती "बरं" म्हणते आणि चहाचं आधण ठेवते. इतकंच. आमच्या घरातली संध्याकाळ गेली काही वर्षं अशीच सुरू होते. काल तिने मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मटार अगदीच किडके निघाले. त्या माणसाकडून पुन्हा घ्यायचे नाहीत." आणि परत मान खाली. मी तिथेच, ढिम्म. तोंडात 'नाही' तयार होतं, ते गिळावं की बाहेर टाकावं कळेना. विसरली असेल, आठवेल, म्हणून उगाच पाणी प्यालो, पेला धुतला, परत भरला. तिने आधणही ठेवलं, चहाही दिला, साखरही बरोबर होती. फक्त विचारलं नाही. झोपेपर्यंत मला दाताखाली खडा आल्यासारखं होत राहिलं.

ज्या खात्यात मी काम करतो तिथे फक्त मेलेलेच येतात. म्हणजे ते स्वतः येत नाहीत, ते शवागारात असतात. आमच्याकडे त्यांच्या फायली येतात. शहरात जे देह सापडतात आणि ज्यांना कुणी ओळखत नाही, त्यांचा फोटो, उंची, अंगावरच्या खुणा, कपडे, एवढं सगळं एका फाइलमध्ये भरून प्रत्येक शवागार आमच्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमध्ये टाकतं. त्या फोल्डरचं नाव 'आवक'. हे नाव कुठल्या महाभागाने ठेवलं देव जाणे, पूर्वी भाजीबाजारात नोकरीला असावा. आवकेत फाइल पडली की टिंग करून घंटा वाजते, आमचा प्रोग्रॅम ती उचलतो आणि बेपत्ता माणसांच्या तक्रारींशी ताडून बघतो. जुळलं तर घरच्यांना फोन. माझा मोठा भाऊ बेपत्ता आहे. म्हणून मी ही बदली मागून घेतली. लोक या खात्यातून सुटायला देव पाण्यात घालून बसतात आणि मी अर्ज करून आत आलो. तर आई विचारते "काही आलं?", मी म्हणतो "नाही", याचा अर्थ दादा आजच्या दिवसापुरता जिवंत आहे. बाहेरच्या कुणाला वाटेल, बिचाऱ्यांना रोज नकार ऐकावा लागतो. छे! तो नकार आम्ही दोघं रोज चहाबरोबर प्यायचो. त्याच्यावर जगायचो.

दादा गेला तो चपलेचा अंगठा शिवून आणतो म्हणून. धड भांडण नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. त्याआधी कित्येक महिने तो घरात असून नसल्यासारखा होता. दुरुस्तीला आलेले प्रिंटर घरी आणायचा आणि ते उघडे पडून राहायचे, जेवायला हाक मारली की "येतो" म्हणायचा आणि यायचा नाही. मला त्याचा राग यायचा. अजून येतो. माणसाने चप्पल शिवायला जावं आणि घरच्यांचा जीव असा टांगणीला लावून ठेवावा? त्याचं घड्याळ बांधण्याचं एक खूळ होतं: तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. लहानपणी मी विचारलं तर म्हणाला, "वेळ आपली आपल्याला दिसली की झालं, लोकांना कशाला दाखवायची?" असली वाक्यं तो फेकायचा आणि मग आपणच हसायचा. शेवटी शेवटी तेही बंद झालं होतं. वेळ बघायला तो हात उलटा करायचा आणि मग बराच वेळ तसाच धरून बसायचा, कुणीतरी तळहातावर काहीतरी ठेवेल म्हणून थांबल्यासारखा. ते मला बघवायचं नाही. मी दुसऱ्या खोलीत जायचो.

आज सकाळी ऑफिसात शिरतो तोच पोपट दारात. पोपट म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. एकदा बोलायला लागला की पाऊण शहराला सांगून थांबतो म्हणून हे नाव, आणि त्याला ते मान्य आहे. "मॅडमनी बोलावलंय," म्हणाला, "आणि आत एक बाई बसल्यात. सांभाळून." मॅडम आमच्या विभागप्रमुख. त्यांच्या समोर साधारण पन्नाशीची एक बाई पर्स मांडीवर धरून बसली होती. मी तिला ओळखलं. तिचा नवरा हरवला तेव्हा तक्रार मीच लिहून घेतली होती. तिला घरी बसवेना, म्हणून ती काल आपली आपणच नदीकाठच्या शवागारात गेली, आणि तिथल्या माणसाने तिला नवऱ्याचा फोटो दाखवला. वर म्हणाला, आम्ही हा केव्हाच पाठवलाय, तुम्ही वरच्या ऑफिसात विचारा. नवरा तिथे नव्हता. ठरलेली मुदत संपेपर्यंत कुणी आलं नाही की बेवारस म्हणून शहराबाहेरच्या जमिनीत पुरतात, वर नंबराची पाटी. तसा पुरलेला होता. ती बाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मला म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना मला, घंटा वाजली की कळवू म्हणून? मी फोन उशाशी घेऊन घरी बसले. तुम्ही बघत नव्हतात का हो?" माझं लक्ष तिच्याकडे होतं असं आता म्हणण्यात अर्थ नाही. मला एकच ऐकू येत होतं: केव्हाच पाठवलाय. केव्हाच.

मी इथे आलो तेव्हा घंटा नव्हती. तेव्हा आवक उघडून हाताने बघावं लागायचं. मी तर सारखाच बघायचो. दुसरं काम करता करता मध्येच उघडायचं, काही नाही, बंद करायचं, चार ओळी लिहिल्या की पुन्हा. पोपट म्हणायचा, अरे बाबा, ते दूध नाही उतू जायला. पण दर वेळी उघडताना छातीत जे व्हायचं ते अंगवळणी पडणारं नव्हतं. मग आमच्या खात्यातला एक इंजिनिअर, जो पुढे जास्त पगारावर निघून गेला, त्याने जाता जाता घंटा बसवली. त्याने समजावलं, आता आपण फोल्डरकडे बघायचं नाही, फोल्डरच आपल्याला सांगेल. कॉम्प्युटरला सांगून ठेवायचं की इथे नवीन काही तयार झालं की मला हाक मार. माझ्या जिवात जीव आला. बघणं सुटलं. गप्प बसलेली घंटा म्हणजे काय सुख असतं ते मला विचारा. आणि ती काही अगदी गप्पही नव्हती, बाकीच्या शवागारांसाठी वाजायची, दर टिंगला मी दचकायचो आणि स्क्रीनवर कुणी दुसराच बघून हलका व्हायचो. दुसऱ्या कुणाचा तरी माणूस मेलाय म्हणून हलका. त्यामुळे ती चालू आहे याबद्दल कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. नदीकाठचं काही येत नाही, एवढं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा पोपट म्हणाला, "आम्हाला वाटलं, हल्ली नदीत कुणी जात नसेल," आणि आपण काय बोललो ते कळून त्याचे कान लाल झाले.

घोळ शोधायला वेळ लागला नाही, याचीच जास्त चीड आली. पोपटने नदीकाठी फोन लावून तिथल्या माणसाला एक कोरी फाइल पाठवायला सांगितली आणि आम्ही दोघं आवक उघडून समोर बसलो. फाइल आली. नावाला मागे शेपूट चिकटलेलं होतं. तिथे नवीन यंत्र बसवलंय, ते फाइल पाठवत असताना तिला कच्चं नाव देतं आणि पूर्ण पोचली की शेपूट कापून पक्कं नाव लावतं. शहाणं यंत्र आहे, अर्धवट फाइल कुणी उचलू नये म्हणून करतं. आमची घंटा बिचारी नवीन काही तयार झालं का एवढंच ऐकते. तिने शेपूटवालं नाव ऐकलं, ही अर्धी आहे म्हणून सोडून दिलं. मग शेपूट गळलं, पण त्याला ती नवीन फाइल मानत नाही, जुन्याचंच नाव बदललं म्हणते, आणि नाव बदललं तर हाक मार असं तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आमच्या डोळ्यांसमोर शेपूट गळलं. घंटा वाजली नाही. फाइल तिथे स्वच्छ दिसत होती, आणि तिच्याखाली नदीकाठच्या बाकीच्या, ओळीने, कुणीही फोल्डर उघडला असता तर दिसल्या असत्या. पण दाराला बेल असताना दार उघडून कोण बघतं? पोपट हळूच म्हणाला, "आईशप्पथ." मी यादी खाली सरकवली नाही. स्क्रीनवर जेवढं मावत होतं तेवढंच बघितलं आणि खिडकी बंद केली.

मॅडम म्हणाल्या, दुपारपर्यंत मला सांगा, यापुढे आवकेवर नजर कशी ठेवायची. घंटाच दुरुस्त करायची की दुसरं काही. आणि मी, ज्याला यादी खाली सरकवायची हिंमत झाली नव्हती, तो चांगला तावातावाने पोपटशी वाद घालत बसलो. माणूस काय चीज असतो! पोपटचं म्हणणं सरळ होतं: घंटेला नाव बदलल्याचंही ऐकायला शिकवू, झालं. सारखं सारखं फोल्डर उघडून बघणं म्हणजे पाट्या टाकणं, शंभरदा बघा तेव्हा एकदा काही असणार, कॉम्प्युटरला फुकटची हमाली. मी म्हटलं, "आज नाव बदलतंय, उद्या तिसरंच काही करतील. कॉम्प्युटर मध्येच बंद पडला तर तेवढ्यात आलेल्यांचं काय? घंटा लावायच्या आधीपासून जे आत पडलेत त्यांचं काय? त्यांच्यासाठी ती कधीच वाजणार नाही. घंटा बिघडली हे सांगायला दुसरी घंटा नसते, पोपट. ती गप्प आहे म्हणजे काही आलं नाही, की ती बहिरी झालीय, हे तुला बाहेरून कसं कळणार?" तो म्हणाला, "अरे, पण किती वेळा बघशील?" मी म्हटलं, "बघत राहायचं. थोड्या थोड्या वेळाने उघडायचं, आत काय आहे आणि आपण काय उचललंय ते ताडायचं, उरलं ते नवीन. आकार दोनदा बघायचा, तेवढाच राहिला तर पूर्ण आली म्हणायचं. घंटा हवी तर राहू दे, पण तिच्यावर विसंबायचं नाही." माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलांवरचे वळून बघत होते. फोल्डरबद्दल इतकं कुणी ओरडत नाही, हे त्यांना कळत असणार, आणि दादाबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे.

मॅडमना माझं पटलं. मग पोपटने एक पिल्लू सोडलं. म्हणाला, या मागच्या पडून राहिलेल्या फायली आता आत घेतल्या की घरच्यांना कळवताना तारीख कुठली लिहायची? आली त्या दिवसाची लिहिली तर सगळं उघडं पडेल, रांग लागेल दाराशी. आपण उचलली ती लिहू, म्हणजे आजची. खोटं तर नाही, आपल्याला आजच मिळाली. मॅडम पेनचं टोपण लावत आणि काढत राहिल्या. मी म्हटलं, "आली तेव्हाचीच लिहायची." त्या म्हणाल्या, "लोक तोंडात मारतील आपल्या." "मारू देत. मॅडम, सकाळच्या त्या बाईंना आजची तारीख सांगितली असती तर त्या आता कुठे गेल्या असत्या? शवागारात. नवऱ्याला बघायला. आणि तिथे कोण आहे?" त्यांनी टोपण लावलं आणि मान डोलावली. मला त्या वेळी स्वतःबद्दल जरा बरं वाटलं, हे सांगून टाकतो.

दुपारनंतर मागच्या सगळ्या फायली आत घ्यायच्या होत्या. त्या जुळवताना प्रत्येक फोटो माणसानेच डोळ्यांनी बघावा लागतो, पाण्यातल्या चेहऱ्यांच्या बाबतीत यंत्राचा भरवसा नाही. पोपट खुर्ची ओढून माझ्या बाजूला आला. "तू ऊठ. चहा पिऊन ये. मी बघतो, काही असेल तर सांगतो." आयुष्यात पहिल्यांदा तो इतकं थोडं बोलला असेल. मी म्हटलं, नाही, मी बघणार. घंटेवर सोडून चूक झाली ती झाली, आता पोपटवर सोडून परत बाहेर वाट बघत बसू? एकेक उघडत गेलो. बायका, पुरुष, एक शाळेचा सदरा. पोपट शेजारी बसून नोंद करत होता आणि अधूनमधून नाक ओढत होता. मग एक चेहरा आला ज्यावरून मी पुढे गेलो. खरंच पुढे गेलो, बटण दाबलं, दुसरी फाइल उघडली. तो चेहरा कुणाचाच नव्हता, पाण्याने सगळे चेहरे एकाच घरातले करून टाकलेले असतात. पण डोळ्याच्या कोपऱ्यात मजकुराची एक ओळ राहिली होती, म्हणून मागे आलो. नदीकाठच्या त्या माणसाने, कोण आहे तो मला माहीत नाही, नीट लिहिलं होतं: डाव्या हातात घड्याळ, तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूस. खाली आणखी एक ओळ: एका पायात चप्पल, अंगठा नव्याने शिवलेला.

म्हणजे त्याने ती शिवून घेतली होती. चपला शिवून माणूस नदीत जातो का? घरी यायला निघाला होता का तो? की शिवेपर्यंत बसला, पैसे दिले, उठला आणि पाय तिकडे वळले? आणि इतकी वर्षं कुठे होता, कुठे राहिला, काय खाल्लं? कारण फाइल काही तो गेला त्या वर्षाची नव्हती, गेल्या उन्हाळ्यातली होती. मग अंगठाही तो गेला तेव्हाचा कुठला, दुसरी चप्पल, दुसरा अंगठा. तो इतके दिवस होता. आम्ही संध्याकाळी 'नाही' म्हणत होतो तेव्हा तो खरोखरच होता, कुठेतरी हात उलटा करून वेळ बघत होता, आणि ज्या संध्याकाळपासून तो नव्हता त्या संध्याकाळीही मी 'नाही' म्हटलं, आई 'बरं' म्हणाली आणि आम्ही चहा प्यालो. उन्हाळाभर प्यालो. पावसाळाभर. आता स्वेटर निघालेत. पोपटने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. मी त्याला म्हटलं, "तारीख नीट लिही. आली तेव्हाची." तो म्हणाला, "लिहितो रे." पुरल्याचा नंबरही होता. तो मी कागदावर उतरवून खिशात ठेवला.

घरी चालत आलो. बसचा थांबा मागे गेला तरी थांबलो नाही. सिग्नलला लोक उभे होते, कुणी फोनवर भांडत होतं, एका दुकानात शटर अडकलं होतं आणि दोघं त्याला लाथा घालत होते. माझ्या डोक्यात एकच होतं, ती विचारेल आणि मी काय म्हणेन. आणि मग रस्त्याच्या मध्येच आठवलं की ती विचारणारच नाही. कालपासून विचारणं बंद आहे. इतकी वर्षं माझ्याकडे सांगायला काही नव्हतं तेव्हा ती रोज विचारायची, आणि आज. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू, रस्त्यात उभा राहून हसलो, आणि एक बाई मुलाला ओढून पलीकडे घेऊन गेली.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चपला काढल्या, पिशवी खुर्चीवर टाकली, दाराशी थबकलो. तिने मान वर केली. "दमलेला दिसतोस," म्हणाली. "चालत आलास की काय?"

"आई, विचार ना."

"काय?"

"रोज विचारतेस ते."

तिने हातातली उशीची खोळ पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली. "नाही विचारायचं आता. परवा तू असाच दारात उभा होतास. मी विचारलं, आणि तू बोलायच्या आधी माझ्या मनात आलं, आज हो म्हणाला तर सुटेन." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आईच्या मनात असं येतं का रे? मला माझीच शिसारी आली. म्हटलं, आता बास. आपण विचारायचंच नाही, म्हणजे त्याला काही होणार नाही."

मला तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं, पण दारातच उभा राहिलो. म्हणालो, "आई, दादा आला."

आमच्या खात्यातून कोण येतं हे तिला माहीत आहे. ती काही विचारेल, रडेल, मला वाटलं खाली बसेल. तिने खोळ बाजूला ठेवली, तिच्यावरून एकदा हात फिरवला.

"कधी?"

एवढंच विचारलं. आणि मी, ज्याने दुपारी मॅडमच्या केबिनमध्ये छाती काढून सांगितलं होतं, मी तिच्या तोंडाकडे बघितलं, सगळ्या उन्हाळ्यातल्या, पावसाळ्यातल्या संध्याकाळी तिच्या अंगावर टाकायच्या कशा ते मला कळेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आज."

"आज," ती म्हणाली. मग एकदम उठली. मी तिला इतक्या चटकन उठताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. कपाट उघडलं, वरच्या खणात हात घालून अगदी मागून दादाचा निळा शर्ट काढला. इस्त्री केलेला होता. ती तो अधूनमधून धुऊन इस्त्री करून परत ठेवत असणार, मला पत्ता नव्हता.

"मग अजून तिथेच असेल," ती म्हणाली, "गार पडला असेल पोर. अंगात घालायला काहीतरी न्यायला हवं. तू चपला घाल, मी आलेच." आणि शर्ट पिशवीत ठेवून ती माझ्या बाजूने बाहेर पडायला निघाली. मी दारात उभा होतो, खिशात नंबराचा कागद होता, आणि ती म्हणत होती, "सरक ना रे. उशीर होईल."